किचन नाइटमेअर्स: रॅमसे तोच, मग ब्रिटनचा आणि अमेरिकेचा कार्यक्रम इतका वेगळा का?

पाटावरवंटा

गेला महिनाभर रात्रीची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की मी 'किचन नाइटमेअर्स'चे जुने भाग लावून बसते. गॉर्डन रॅमसे हा ब्रिटिश आचारी बुडत चाललेल्या हॉटेलात जातो आणि ते सावरायला मदत करतो, असा हा कार्यक्रम. आधी 'रॅमसेज किचन नाइटमेअर्स', म्हणजे चॅनल फोरवर २००४ मध्ये सुरू झालेला मूळ ब्रिटिश कार्यक्रम. मग त्याचा फॉक्स वाहिनीवरचा अमेरिकन अवतार, २००७ पासूनचा. दोन्ही पाठोपाठ पाहिल्यावर मनात इतकं साठलंय की धागा काढल्याशिवाय राहवेना.

मी राहते यॉर्कशरमध्ये. ब्रिटिश कार्यक्रमाचा पहिलाच भाग आमच्याकडचा, सिल्सडेन गावातल्या बोनापार्ट्सचा. तो पाहिलेला माणूस विसरत नाही. आचारी अवघा एकवीस वर्षांचा, डोक्यात मोठमोठ्या पदार्थांची स्वप्नं. त्याने वाढलेले स्कॅलॉप्स (एका प्रकारचे शिंपले) खराब निघतात आणि रॅमसे मागच्या दारी जाऊन ओकतो. सगळे लोक तेवढंच सांगतात. मला लक्षात राहिलं ते त्याच्या नंतरचं. रॅमसे त्याला म्हणतो, मला साधं ऑम्लेट करून दाखव. आणि ते त्याला धड जमत नाही. कॅमेरा तिथे थांबतो. ढणढण वाजत नाही, कुणाचा चेहरा तीन कोनांतून दाखवत नाहीत. पॅन, अंडी आणि एक घाबरलेला मुलगा. या हॉटेलचं काय चुकलंय ते त्या एका ऑम्लेटमध्ये कळतं.

ब्रिटिश कार्यक्रमात रॅमसे स्वतः निवेदन करतो. त्यामुळे तो आपल्याशी बोलतोय, 'आता मला हे कळत नाहीये, उद्या बाजारात जाऊन बघतो' असं काहीसं सांगतोय, असं वाटतं. आठवडाभर तो तिथे असतो. गावात फिरतो, शेजारचे लोक कुठे जेवतात ते बघतो, जवळचा खाटीक, जवळचा भाजीवाला शोधतो, मेन्यूकार्ड छोटं करतो, भाव खाली आणतो. आणि काही आठवड्यांनी परत येऊन बघतो की सांगितलेलं टिकलंय का. हे परत येणं मला फार महत्त्वाचं वाटतं. काही वेळा सगळं मुसळ केरात गेलेलं असतं आणि तेही तसंच दाखवतात.

अमेरिकन कार्यक्रमात निवेदक वेगळा. भागाच्या सुरुवातीलाच पुढची सगळी भांडणं दाखवून टाकतात. रॅमसे येतो, तीन-चार पदार्थ मागवतो, तिन्ही-चारही वाईट निघतात, मालक म्हणतो माझं जेवण उत्तम आहे, रात्री आरडाओरडा, फ्रीजमध्ये बुरशी, रडारड, एका रात्रीत नवं फर्निचर, उद्घाटनाला गर्दी, मिठ्या. संपलं. बहुतेक भागांत तो परत येत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ब्रिटिश भाग बघून मला हॉटेल चालवण्याबद्दल काहीतरी कळतं. अमेरिकन भाग बघून मला फक्त त्या घरातली भांडणं कळतात. तुम्हाला काय वाटतं?

सायली_के

मस्त धागा! मी फक्त अमेरिकन पाहिलाय, तोही यूट्यूबवर तुकड्यातुकड्यांत. ब्रिटिश वेगळा आहे हे माहीतच नव्हतं. पहिला कुठला बघू?

पाटावरवंटा

सायली, ब्रायटनचा 'मॉमा चेरीज सोल फूड शॅक' बघ. २००५ चा आहे. रॅमसे जेवायला बसतो आणि सगळं चाटूनपुसून खातो! असं क्वचित होतं. बाई मूळची अमेरिकन, तिकडचं घरगुती जेवण रांधणारी, हाताला चव असलेली. अडचण अशी की दुपारी हॉटेल रिकामं आणि हिशोबाचा मेळ नाही. म्हणजे जेवण चांगलं असूनही हॉटेल बुडू शकतं, हे त्या भागात दिसतं. तो तिला दुपारसाठी ठरावीक किमतीत, मोठ्या भांड्यात भरपूर द्यायची कल्पना देतो. 'सोल इन अ बोल' असं नाव. लोक येतात. पुढे तिने मोठी जागा घेतली, काही वर्षांनी तीही बंद झाली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जर्सीकर

पाटावरवंटा, लेख आवडला, पण मी असहमत.

मी बावीस वर्षं न्यू जर्सीत आहे. या कार्यक्रमाचे बरेच भाग आमच्या आसपासचे आहेत. तुम्ही ज्याला 'घरातली भांडणं' म्हणता, तेच हॉटेल बुडण्याचं कारण असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या एका मित्राने भावाबरोबर हॉटेल काढलं होतं. जेवण उत्तम. गल्ल्यावर भाऊ बसायचा. गल्ल्यातून कोण किती उचलतो यावर दोघं कधी बोललेच नाहीत, कारण घरी आई होती आणि तिला वाईट वाटलं असतं. तीन वर्षांत कुलूप लागलं. त्या हॉटेलचं कार्ड छोटं करून काहीही झालं नसतं. त्या दोघांना समोरासमोर बसवून 'बोला' म्हणणारा तिऱ्हाईत माणूस हवा होता.

अमेरिकेतला पहिला भाग आठवा. लाँग आयलंडवर बॅबिलॉन गावातलं 'पीटर्स'. भाऊ मोठ्या थाटात वावरतोय, उंची सूट घालतोय, वसुलीवाले दारात, आणि स्वयंपाकघरातली उपकरणं मोडकी. बहीण आतल्या आत जळतेय. तिथे कार्यक्रमवाल्यांनी नवी उपकरणं बसवून दिली. पण दुखणं त्या भावाच्या सुटात होतं, ओव्हनमध्ये नव्हतं, आणि ते त्या भागात लख्ख दिसतं.

दुसरं म्हणजे, फॉक्सचा प्रेक्षक रॅमसेला ओळखत होता तो 'हेल्स किचन' या आचाऱ्यांच्या स्पर्धेमुळे. तो कार्यक्रम इथे २००५ पासून चालू होता आणि त्यात त्याने ओरडायचंच असतं. त्याच वाहिनीवर दोन वर्षांनी तोच माणूस हळू आवाजात गाजराचा भाव विचारत फिरला असता तर लोकांनी दोन आठवड्यांत चॅनल बदललं असतं. ब्रिटनमध्ये लोक त्याला आधी आचारी म्हणून ओळखत होते. २००१ मध्ये चेल्सीतल्या त्याच्या हॉटेलला तिसरा मिशेलिन तारा (उत्तम जेवणासाठी हॉटेलांना मिळणारा मान, जास्तीत जास्त तीन तारे) मिळाला होता. ओळखच वेगळी, म्हणून कार्यक्रमही वेगळा.

कात्री_आणि_डिंक

मी मुंबईत टीव्हीसाठी संकलन करते, आठ वर्षं मालिकांवर काम केलं. त्या बाजूने थोडं लिहिते.

फॉक्सच्या एका तासात जाहिराती वजा जाता कार्यक्रम साधारण ४३ मिनिटांचा उरतो. प्रत्येक ब्रेकच्या आधी 'पुढे काय' आणि ब्रेकनंतर 'आतापर्यंत काय' दाखवावं लागतं, कारण बघणारा मधूनच कुठूनतरी येतो. हे तुकडे वजा करा, शेवटची सजावट आणि उद्घाटन वजा करा, म्हणजे मालक आणि आचारी यांच्यासाठी किती वेळ राहतो ते बघा. एवढ्या वेळात 'कार्डावरचे साठ पदार्थ कमी का करायचे' हे समजावता येत नाही. ताट फेकणारा मालक मात्र चार सेकंदांत समजतो.

आवाजाबद्दल. रॅमसेने घास तोंडात घातला की अमेरिकन भागात एक 'धाडकन' आवाज असतो, मग शांतता, मग मालकाचा चेहरा, मग वेटरचा, मग परत रॅमसे. आपल्या मालिकांत सासूने कपाट उघडलं की आम्ही हेच करतो. मी स्वतः केलंय. त्या आवाजाचं काम एकच असतं: प्रेक्षकाने काय वाटून घ्यायचं ते आधी ठरवून देणं. ब्रिटिश भागात तो निर्णय तुमच्यावर सोडतात. ऑम्लेटचा प्रसंग म्हणूनच लक्षात राहतो, तिथे तुम्हीच त्या मुलाकडे बघत असता.

आणि शिव्या! ब्रिटनमध्ये रात्री नऊनंतर शिव्या चालतात, त्यामुळे चॅनल फोरवर त्या न कापता जायच्या. फॉक्सवर प्रत्येक शिवीवर 'बीप'. बीप ऐकली की शिवी आहे त्याहून मोठी वाटते. खरी शिवी वाक्यात मिसळून जाते, स्वयंपाकघरात माणसं अशीच बोलतात असं वाटतं. मला वाटतं अमेरिकन रॅमसे जास्त रागीट वाटतो त्यात या बीपचाही मोठा वाटा आहे.

भटारखाना

नाशिकला चौदा वर्षं हॉटेल चालवतो, म्हणून या धाग्यावर लिहायचा हक्क आहे असं समजतो.

तुम्ही सगळे कार्ड छोटं करण्याबद्दल वरवर बोलताय, मला ते नीट सांगू द्या, कारण रॅमसेचं सगळ्यात मोलाचं शिकवणं तेच आहे.

कार्डावर पदार्थ वाढवायला कागद लागतो, बाकी काही नाही, असं नव्या मालकाला वाटतं. मलाही वाटायचं. माझ्याकडे १४० पदार्थ होते. पंजाबी, चायनीज, दाक्षिणात्य, वर थाळी. त्यासाठी लाल, पांढरी, पिवळी अशा तीन ग्रेव्ह्या रोज सकाळी तयार. मश्रूमचा एक पदार्थ आठवड्यात दोनदा जायचा, पण मश्रूम रोज आणून ठेवायला लागायचे, कारण मागितले आणि नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. मग उरलेले मश्रूम डब्यात, डबा फ्रीजमध्ये, फ्रीजमध्ये असे पस्तीस डबे. कुठल्या डब्यात कधीचं काय आहे हे फक्त वस्तादाला माहीत. वस्ताद गावी गेला की कुणालाच माहीत नाही.

अमेरिकन कार्यक्रमात रॅमसे फ्रीज उघडतो, बुरशी दिसते, सगळे नाक धरतात, मालकाला शरम वाटते. घाण म्हणजे आळशीपणा, एवढंच प्रेक्षकाला कळतं. पण ती बुरशी फ्रीजमध्ये जन्माला येत नाही, ती कार्डावर जन्माला येते. ज्या मालकाने १४० पदार्थ छापले त्याच्या फ्रीजमध्ये बुरशी येणारच, तो कितीही स्वच्छ माणूस असो. ब्रिटिश भागांत हा धागा तो उलगडून दाखवतो. आधी पदार्थ कमी, मग माल कमी, मग फ्रीज आपोआप रिकामा, मग माल रोज ताजा, मग पैसे हातात.

मी १४० चे ४२ केले. पहिला महिना गिऱ्हाईकांनी शिव्या दिल्या. दुसऱ्या महिन्यापासून डब्यांवर चिकटपट्टी लावून तारीख लिहायला लागलो, कारण आता लिहिण्याइतके कमी डबे होते.

जर्सीकर

भटारखाना, हे वाक्य मी लिहून ठेवतो: बुरशी कार्डावर जन्माला येते.

पण मग तुम्ही मला एक सांगा. तुमचं कार्ड १४० वर गेलं का? तुम्हीच छापलंत ना? 'नाही' म्हणता आलं नाही म्हणून. म्हणजे शेवटी माणसाच्या स्वभावाशीच आलो आपण.

भटारखाना

खरंय. प्रत्येक गिऱ्हाईकाने 'तुमच्याकडे अमुक नाही का?' विचारलं की मला ते कमीपणाचं वाटायचं. वडिलांनी खानावळ चालवली, त्यांच्याकडे रोज एकच भाजी असायची आणि त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. हे मला कुणी तिऱ्हाईताने सुनावलं असतं तर दहा वर्षं वाचली असती. तुमचा मुद्दा मान्य करतो.

ट्रेंटकाठी

नॉटिंगहॅमहून लिहितोय. आमच्या इथला 'द करी लाउंज'चा भाग (२००७) या चर्चेत यायलाच हवा. तिथे गिऱ्हाईकानेच करी जुळवायची सोय होती. मांस तुम्ही निवडा, रस्सा तुम्ही निवडा, आचारी ते एकत्र करून देणार. मालक हौशी, हॉटेल चकचकीत, आणि आत अनुभवी आचारी, ज्याला स्वतःचं काही रांधायचीच मुभा नाही. रॅमसे त्या आचाऱ्याला म्हणतो की तुला जे येतं ते कर. मग त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं आहे. इतका वेळ तो माणूस यंत्र होता.

इंग्लंडमधल्या करी हाउसमध्ये मी शिकत असताना दोन वर्षं वेटर होतो, म्हणून हा भाग मला जवळचा. आत कोण रांधतंय, त्याला काय येतं, हे बाहेर बसलेल्या माणसाला कधीच कळत नाही. 'मीडियम की हॉट' एवढाच प्रश्न. त्या भागाने आतल्या माणसाला बाहेर आणलं.

जर्सीकर

याला अमेरिकन जोड आहे! पहिल्याच मोसमातलं मॅनहॅटनमधलं 'डिलन्स'. तिथे कार्डावर सगळ्या देशांचा गोंधळ, आणि स्वयंपाकघराची अवस्था अशी की बघवत नाही. रॅमसेने ते सरळ भारतीय हॉटेल करून टाकलं, 'पूर्णिमा' नाव दिलं, आणि सल्लागार म्हणून आणला विकास खन्नाला. तेव्हा भारतात त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याच्या 'जुनून'ला मिशेलिन तारा मिळाला आणि मास्टरशेफ इंडियामुळे तो घरोघरी पोहोचला. म्हणजे नीट आचारी आणून एकाच पाककृतीवर लक्ष द्यायचं, हे अमेरिकन कार्यक्रमातही झालं होतं. फक्त ते शेवटच्या काही मिनिटांत उरकलं.

सायली_के

हे सगळं खरं असतं का पण? बहीण म्हणते सगळं ठरवून करतात.

पाटावरवंटा

दोन्हीकडे हा आरोप झालाय, सायली. बोनापार्ट्सच्या भागात खोटेपणा केला असं इव्हनिंग स्टँडर्डने छापलं, त्यावर रॅमसे आणि निर्माते कोर्टात गेले आणि २००६ मध्ये वृत्तपत्राला माफी मागून ७५ हजार पौंड भरपाई द्यावी लागली. तिकडे डिलन्सच्या व्यवस्थापकाने भाग दाखवण्याआधीच, २००७ मध्ये, दावा लावला होता. करारात तशी अट असल्याने ते प्रकरण लवादाकडे गेलं. त्यामुळे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. कात्री_आणि_डिंक यांनी सांगितलं तो मुद्दा मला जास्त खरा वाटतो. प्रसंग खरे असले तरी कुठल्या प्रसंगाला किती वेळ द्यायचा हे कुणीतरी ठरवतंच.

कात्री_आणि_डिंक

अगदी. अॅरिझोनातल्या 'एमीज बेकिंग कंपनी'चा भाग (मे २०१३) घ्या. नवरा-बायको मालक, वेटरना मिळालेली टिप मालक घेतो हे तिथे उघड होतं, आणि शेवटी रॅमसे हात टेकून निघून जातो. तोपर्यंत असं कधी झालं नव्हतं. जगभर गाजला तो भाग. पण टिप घेतात म्हणजे त्या मुलींना महिन्याला नेमकं काय मिळतं, त्यांचं घर कसं चालतं, यावर किती वेळ होता? मला त्या मुलींचं पुढे काय झालं ते बघायचं होतं. मालकिणीच्या डोळ्यांचे शॉट्स मात्र डझनभर.

ट्रेंटकाठी

एका रात्रीत सजावट बदलण्याबद्दल कुणी बोललं नाही. न्यू जर्सीतल्या 'फ्लमँगोज'ची मालकीण नवी सजावट बघून खवळते, तिला तिचं जुनं, उष्ण प्रदेशासारखं नटवलेलं हॉटेलच आवडायचं. मला तिची बाजू पटली. कुणीतरी तुमचं घर रात्रीत बदलून 'आश्चर्य!' म्हटलं तर? ब्रिटिश कार्यक्रमात बहुतेक वेळा रंगाचा हात मारतात, टेबलं हलवतात, आणि तेही हॉटेलातल्या माणसांनाच करायला लावतात. स्वतः घासलेली भिंत माणूस जपतो.

पाटावरवंटा

यातली बरीच हॉटेलं पुढे बंद पडली, दोन्हीकडची. त्यावर 'रॅमसेचा काय उपयोग' असं म्हणणारे भेटतात. पॅरिसमधल्या 'पिकोलो तेआत्रो'चा भाग बघताना मला हा प्रश्न पडला होता. शाकाहारी हॉटेल, मालकीण तरुण स्कॉटिश मुलगी, पैसा वडिलांचा. रॅमसे शाकाहाराची टर उडवणारा, पण तिथे जीव तोडून काम करतो. दुपारचं जेवण सुरू करतो, चांगली आचारीण मिळवतो. तो परत येतो तेव्हा दार बंद. तिने सोडून दिलेलं असतं. बंद दाराबाहेर उभा असलेला रॅमसे तेव्हा खरंच दुखावलेला दिसतो.

आणि उलटही आहे. वेल्समधलं 'वॉलनट ट्री इन'. जेवण चांगलंच होतं, भाव जड होते, रॅमसे ते खाली आणायला सांगत होता आणि मालकाला पटत नव्हतं. २००७ मध्ये ते बंद पडलं. पुढे शॉन हिल या आचाऱ्याने ते घेतलं आणि तिथे पुन्हा मिशेलिन तारा आणला. जागा तीच, गाव तेच.

भटारखाना

हॉटेलवाला अशा कार्यक्रमाला कधी फोन करतो? सोसायटीचा हप्ता तीन वेळा थकला, किराणावाल्याने उधारी बंद केली, बायकोचे दागिने गेले, मग. त्या वेळी एका आठवड्यात कार्ड सुधारतं, चव सुधारते, कर्ज तसंच राहतं. त्यामुळे बंद पडलेल्या हॉटेलांचा दोष रॅमसेला देणं मला पटत नाही. फक्त त्या कर्जाचा आकडा समोर ठेवून बोलावं, एवढं वाटतं. ब्रिटिश कार्यक्रमात तो निदान हिशोबाची वही उघडायला लावतो.

सायली_के

काल आईबरोबर लँकशरमधल्या 'फेनविक आर्म्स'चा भाग पाहिला. पबचा मालक भल्यामोठ्या चित्रविचित्र ताटल्यांत काहीतरी सजवलेलं वाढत असतो आणि रॅमसे त्याला भाजलेलं मांस आणि खरी ग्रेव्ही करायला लावतो. गावात 'खऱ्या ग्रेव्हीसाठी मोहीम' म्हणून मिरवणूकसुद्धा निघते! आईला आधी कळेचना, ग्रेव्ही म्हणजे तिला आपली कांदा-टोमॅटोची. मग तिने पाहिलं की भाजताना तळाशी सुटलेला रस खरवडून करतात. म्हणाली, "म्हणजे कढईला लागलेलं खरवडून भात कालवतो तसंच की." मग तिने स्वतःहून पुढचा भाग लावायला सांगितला.

जर्सीकर, रागावू नका, पण मी आता ब्रिटिशच बघणार.

जर्सीकर

रागावतो कशाला! बघा. पण 'पीटर्स' एकदा बघाच, आणि त्या बहिणीकडे लक्ष ठेवा. मीही मॉमा चेरी बघितला काल. ताटल्या रिकाम्या परत येतात तिथे मी दोनदा मागे नेऊन पाहिलं.

भटारखाना

त्या रिकाम्या ताटल्यांवरून सांगतो. रॅमसे नेहमी बघतो की परत काय येतंय. हा धागा वाचल्यापासून तीन दिवस मी दुपारी गल्ला मुलाकडे देऊन मागे मोरीपाशी उभा राहिलो, ताटं घासायला येतात तिथे. चौदा वर्षांत मी तिथे असा कधी उभा राहिलो नव्हतो. पोळी संपते. रस्सा संपतो. भात मात्र दहातल्या सहा ताटांत निम्मा परत येतो. आणि मोरीवरच्या मावशी म्हणाल्या, "शेठ, कोशिंबीर तर आम्ही रोज बादलीभर टाकतो." कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

सोमवारपासून भात मागतील तसा वाढणार. कोशिंबिरीचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये. काकडी पाणी सोडते म्हणून असेल का? कुणी सुचवणार असेल तर सांगा.

पाटावरवंटा

काकडी कोचवा, आयत्या वेळी दाण्याचं कूट घाला आणि मीठ वाढतानाच. आधी घातलं की तासाभरात पाणी होतं. सोमवारनंतर काय परत येतंय ते इथेच लिहा.